कापायचे की वाढवायचे? आधी गुंतवळ बघा

"केस फार लांब झालेत, त्यांच्या भारानेच गळतायत. खांद्यापर्यंत आणा, गळती थांबेल." पार्लरच्या खुर्चीत बसून हे ऐकलं नाही अशी बाई विरळा. घरी नेमकं उलटं: "एवढे छान केस, कात्री लावायची नाही हं!" लावायची की नाही हे जिचं तिनं ठरवावं. भाराचा मुद्दा मात्र आधी निकालात काढू, कारण तो वजनकाट्यावर टिकत नाही.

डोक्यावरचा एक केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. केस ज्या केराटिनचा बनतो त्याची घनता पाण्याच्या 1.3 पट. 60 सेंटीमीटर लांबीचा एक केस घेऊन हिशेब केला तर त्याचं वजन भरतं जेमतेम 3 मिलिग्रॅम. तोच निरोगी केस तोडायचा तर त्याला 60 ते 100 ग्रॅम वजन टांगावं लागतं. म्हणजे केस स्वतःच्या वजनाच्या निदान वीस हजार पट भार पेलतो. तो स्वतःच्या ओझ्यानं मुळातून निसटेल ही कल्पना चिंचेच्या झाडावर कावळा बसल्यानं फांदी मोडण्यासारखी आहे.

मग लांब केसवालीला गळती जास्त का वाटते? डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यातले 50 ते 100 रोज गळणं हा नेहमीचा व्यवहार. समजा 80 गळले आणि प्रत्येक 60 सेंटीमीटरचा आहे, तर दिवसाला 48 मीटर केस फणीत आला. हेच केस 15 सेंटीमीटरचे असते तर 12 मीटर झाले असते, आणि त्यातलेही बरेचसे उशीवर नाहीतर मोरीत गुपचूप निघून गेले असते. लांब केस सुटला तरी शेजाऱ्यांत अडकून राहतो आणि विंचरताना सगळे मिळून येतात. गुंतवळाचा गोळा मोठा होतो तो लांबीमुळे, संख्येमुळे नाही.

वजन निर्दोष असलं तरी ताण निर्दोष नाही. रोज कपाळावरून ओढून घट्ट बांधलेली पोनी, कपाळाची कातडी वर खेचली जाईल असा अंबाडा, यांनी कपाळाकडचे आणि कानांपुढचे केस वर्षानुवर्षांच्या ओढीनं कायमचे जाऊ शकतात. इथं दोष बांधणीचा आहे. खांद्यापर्यंतचे केसही तितकेच करकचून बांधले तर नुकसान तेच.

केसाची लांबी ठरते ती केशकुपात, म्हणजे कातडीखाली तीन-चार मिलिमीटरवर असलेल्या पिशवीत. प्रत्येक कुपाचं स्वतंत्र घड्याळ असतं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, महिन्याला सुमारे 1.2 सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतली जाते आणि पुढे साधारण तीन महिने तो केस नुसता अडकून असतो. अखेर गळतो आणि त्याच जागी नवा सुरू होतो. वाढीचा काळ तीन वर्षांचा असेल तर केस 40-45 सेंटीमीटरच्या पुढे जाणार नाहीत, मग तेल कुठलंही लावा. गिनिज बुकानं 2023 मध्ये नोंदवलेल्या उत्तर प्रदेशातल्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची लांबी 236 सेंटीमीटर आहे. महिन्याला 1.2 सेंटीमीटरनं भागून पाहा: त्यांच्या कुपांचा वाढीचा काळ निदान पंधरा-सोळा वर्षांचा असला पाहिजे. ही जन्मानं मिळालेली देणगी, बाटलीतून येत नाही.

हेच घड्याळ एका गमतीदार गैरसमजाचं मूळ आहे. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालं की पुष्कळ कूप एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस येऊ लागतात. घाबरून केस कापले जातात. पुढच्या काही महिन्यांत गळती आपसूकच थांबते, आणि श्रेय जातं कात्रीला, नाहीतर त्याच सुमारास सुरू केलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते. उलट मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकवतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2017 मध्ये इशारा दिला होता. जाहिरातीत हे नसतं.

आता गुंतवळ. पूर्वी ते जपून ठेवून फेरीवाल्याला द्यायचे, त्याच्या बदल्यात भांडं किंवा फुगा मिळायचा. आता तुम्ही ते वाचायचं आहे. विंचरल्यावर वीस-पंचवीस केस सुटे करा आणि रंगाप्रमाणे पांढऱ्या किंवा गडद कागदावर पसरा. प्रत्येक केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ आहे का बघा. गाठ असेल तर तो मुळापासून, आपली मुदत संपवून आलेला केस. गाठ नसेल तर तो मधेच तुटलेला तुकडा. गाठवाले केस बहुतेक सारख्या लांबीचे आणि टोकाला निमुळते असतील, तर ती लांबीच तुमची मर्यादा. त्यापुढे हट्ट करण्यात अर्थ नाही. दहा-वीस सेंटीमीटरचे बिनगाठीचे तुकडे जास्त असतील, तर अडचण गळतीची नसून तुटण्याची आहे. कात्रीचा खरा उपयोग फक्त या दुसऱ्या प्रकारात.

केस का तुटतो हे कळण्यासाठी त्याच्या सालीकडे बघावं लागेल, आणि इथं थोडं रेंगाळलंच पाहिजे, कारण सगळी गंमत इथंच आहे. केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे सपाट, पारदर्शक खवले. कोकणातल्या घरावर मंगलोरी कौलं बसवतात तसे एकावर एक, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेले. एका खवल्याची जाडी अर्धा मायक्रॉन, आणि मुळाजवळ असे पाच ते दहा थर. खात्री करायची असेल तर एक केस चिमटीत धरा आणि अंगठा व तर्जनी केसाच्या लांबीच्या दिशेनं पुढेमागे चोळा. केस आपोआप एका बाजूला सरकू लागेल, आणि तीही नेहमी मुळाच्या बाजूला. गवतातलं कुसळ साडीत जसं एकाच दिशेनं चढत जातं, तसाच हा प्रकार.

सगळ्यात वरच्या कौलावर एका रेणूइतक्या जाडीचा स्निग्ध थर असतो. त्याचं नाव लांबलचक आहे: 18-मिथिल आयकोसॅनोइक आम्ल. हे तेल वरून लावलेलं नसतं. गंधकाच्या बंधानं ते प्रथिनाला पक्कं जोडलेलं असतं. 21 कार्बनांची ही साखळी बाहेरच्या बाजूला उभी राहते, म्हणून कोरा केस पाणी झटकतो आणि शेजाऱ्यावरून सुळकन घसरतो. केस ब्लीच करताना वापरतात ते अल्कधर्मी पेरॉक्साइड हा बंध एका बैठकीत तोडतं. ऊन तेच हळूहळू करतं. थर गेला की खालचं प्रथिन उघडं पडतं. त्यावर ऋण विद्युतभार असतो, ते पाणी ओढून घेतं आणि केसाला केस घासू लागतो. हा थर कुठल्याच तेलानं परत बसत नाही, कारण तो बनतो फक्त कुपात. कंडिशनरमधले धन भाराचे रेणू त्या ऋण जागांवर चिकटतात आणि पुढच्या धुण्यापर्यंत त्याची नक्कल करतात, एवढंच.

आता टोकाचं वय काढा. 60 सेंटीमीटर भागिले 1.2, म्हणजे 50 महिने. आठवड्यातून दोनदा केस धुतले तर त्या टोकानं सव्वाचारशेच्या वर धुणी पाहिली, चार उन्हाळे काढले, चार होळ्या खेळल्या. प्रत्येक धुण्यात केस जाडीनं सुमारे 15 टक्के फुगतो, लांबीनं मात्र एक-दोन टक्केच, कारण आतले तंतू लांबीच्या दिशेनं आवळलेले असतात. फुगताना कौलांच्या कडा उचलल्या जातात आणि त्यातच कंगवा फिरला तर तुटतात. शेवटी टोकाकडे एकही कौल उरत नाही. आत काय आहे? सुंभाच्या दोरीसारखे उभे तंतू. दोरीचं टोक बांधलेलं नसेल तर ते जसं उसवतं, तसेच केसाला फाटे फुटतात. आणि काडी चिरावी तशी ती चीर वर चढत राहते. म्हणून फाटे फुटलेलं टोक कापणं हा खरोखरचा उपाय आहे. "फाटे जोडणारं" सीरम त्यांना सिलिकोननं तेवढ्यापुरतं चिकटवतं.

केस कापले किंवा डोकं तासलं की दाट येतात, या समजाचाही उलगडा इथंच होतो. झिजून 50 मायक्रॉनचं झालेलं टोक जाऊन 70 मायक्रॉनचा बोथट काप समोर येतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, त्यामुळे नवं टोक जवळजवळ चौपट ताठ लागतं. हाताला ते दाट भासतं. शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच मोजून दाखवलं होतं की दाढी केल्यानं केसाची जाडी वा वेग बदलत नाही. बाळाचं जावळ काढल्यावर केस जाड येतात ते वय वाढलं म्हणून. न काढताही आले असते. अमावास्येला आणि शनिवारी कात्री न लावण्याबद्दल एवढंच म्हणता येईल की त्या दिवशी सलूनमध्ये गर्दी कमी असते.

किती कापायचं, हे ठरवायला आरशापेक्षा दोरा बरा. कोरडे, मोकळे केस मानेशी एकत्र धरा, दोरा घट्ट गुंडाळून घेर मोजा. समजा 8 सेंटीमीटर आला. आता झुबक्यावरून खाली सरकत मोजत जा. जिथं घेर 5.7 सेंटीमीटर भरतो तिथं निम्मेच केस उरलेत, कारण केसांची संख्या घेराच्या वर्गाप्रमाणे बदलते. 4 सेंटीमीटर म्हणजे अर्धे नव्हेत, पाव! निम्म्याच्या जरा खाली सरळ काप घेतला तर लांबी जाते पण शेपूट भरगच्च दिसतं. त्याखालचे विरळ केस राखायचे की नाही हा आवडीचा प्रश्न. वैज्ञानिकदृष्ट्या ते नुसते जुने आहेत. लांबच ठेवायचे ठरलं तर छाटणीचा हिशेब सांभाळा. दीड महिन्यात केस 1.8 सेंटीमीटर वाढतात. दर दीड महिन्याला 2 सेंटीमीटर 'ट्रिम' करून घेतलं तर केस दरवर्षी आखूडच होतील. तीन महिन्यांतून एकदा 1 सेंटीमीटर छाटलं तर वर्षाला सुमारे 10 सेंटीमीटर पदरात पडतात.

उरलेली निगा थोडक्यात. शाम्पू टाळूला, कंडिशनर खालच्या निम्म्या भागाला. धुण्याआधी दोन-तीन तास खालच्या भागाला एक-दोन चमचे खोबरेल लावलं तर त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, फुगणं कमी होतं आणि प्रथिनांची गळती घटते. आरती रेळे आणि मोहिले यांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून हे दाखवलं. दोघं खोबरेल बनवणाऱ्या कंपनीतलेच संशोधक, हे लक्षात ठेवूनच तो निबंध वाचावा, पण निष्कर्ष पटण्याजोगा आहे. गुंता टोकाकडून वर सोडवत जा. वरून ओढलं की सगळ्या गाठी एकाच जागी आवळतात. ओलसर केसांवर तापलेला चिमटा तर नकोच: 125 अंशांनाही आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि केस तिथंच मोडतो.

ऊवांसाठी केस खांद्यापर्यंत आणण्याचा उपयोग नाही, कारण ऊ आणि लिखा टाळूपासून काही मिलिमीटरच्या आत राहतात. बारीक फणी फिरवणं सोपं होतं, इतकंच.

कापताना कात्री केसांचीच घ्या. स्वयंपाकघरातली बोथट कात्री केस चेपते, कौलं उचकटते आणि महिन्याभरात तिथंच नवे फाटे. वस्तऱ्यानं तिरका काप घेतला तर आतला गाभा जास्त उघडा पडतो, फाटे फुटलेल्या केसांना तो मानवत नाही. दिसणाऱ्या फाट्याच्या एक-दोन सेंटीमीटर वरून कापा. चीर डोळ्यांना दिसते त्याच्या वर पोचलेली असते. केस कुरळे असतील तर ते कोरडे असतानाच मापा. ओले असताना ते सरळ लोंबतात आणि वाळले की चार-पाच सेंटीमीटर सहज वर चढतात. शिवाय लांबी गेली की खाली ओढणारं वजनही जातं, त्यामुळे कुरळे केस आणखी उसळतात. वजनाचा खरा परिणाम असतो तो असा, वळणावर. कारागिराला "खांद्यापर्यंत" सांगून हनुवटीपर्यंत आले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकींचे केस ओले असताना मापलेले असतात.