सागरी आक्रमणातील जहाजसंख्येचा अंदाज (ब्रिटन, १९४०)

समुद्रमार्गे चढाई करणाऱ्या शत्रूला किती जहाजे लागतील, त्यांपैकी किती जमली आहेत आणि एका खेपेत किती सैन्य उतरेल, याचा गुप्तवार्तेवरून बांधलेला हिशोब. ब्रिटनवर चढाई करण्यासाठी आखलेली ‘सी लायन’ ही जर्मन मोहीम त्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण होय.

१२ जुलै १९४० रोजी ब्रिटिश नौदलप्रमुख डडली पाउंड यांनी, सुमारे १,००,००० सैनिक आरमाराला चुकवून किनाऱ्याला लागू शकतील, असे कळवले. त्यांतला मोठा वाटा पूर्व किनाऱ्याकडे धरला होता. जर्मन आराखड्याचा रोख मात्र दक्षिणेकडे होता. चर्चिल यांनी नियोजनापुरता आकडा दुप्पट धरला.

जर्मन बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नावांच्या) संख्येबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. १,७२२ बार्ज, ४७१ टग (ओढनौका), १,१६१ मोटरबोटी आणि १५५ वाहतूक जहाजे हे आकडे बहुधा जर्मन नौदलाच्या गरजेचे आहेत. प्रत्यक्षात सुमारे २,४०० बार्ज गोळा झाले. हे दोन्ही आकडे अनेकदा एकमेकांच्या जागी दिले जातात. गरज आणि जमवाजमव वेगळी मोजणारे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय नुसती बेरीज फसवी ठरते. जमवलेल्यांपैकी जेमतेम ८०० बार्जना स्वतःचे इंजिन होते. उरलेले टगमागे दोन-तीन नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने ओढावे लागणार होते आणि इंग्लिश खाडीतला प्रवाह काही ठिकाणी त्याहून जोरकस असतो. हे मुळात ऱ्हाईन आणि कालव्यांतले मालवाहू बार्ज. गोव्यात मांडवीतून खनिज नेणारे बार्ज पाहिलेल्यांना ही अडचण सांगावी लागणार नाही. नाळेचा, म्हणजे पुढचा, भाग कापून उतरता फलक बसवलेले, रणगाड्यांच्या वजनासाठी तळाशी काँक्रीट ओतलेले. तरी बांधा नदीचाच.

ब्रिटिश अंदाजाचा मुख्य आधार हवाई छायाचित्रे हा होता. बेल्जियममधील ऑस्टेंड बंदरात ३१ ऑगस्टला १८ बार्ज दिसले, ६ सप्टेंबरला २०५. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमध्ये ‘क्रॉमवेल’ हा सज्जतेचा संकेत दिला गेला. १८ सप्टेंबरच्या सुमारास खाडीवरील बंदरांत हजारावर, तर अँटवर्पकडे आणखी सुमारे ६०० बार्ज मोजले गेले. बॉम्बहल्ल्यांत २१ सप्टेंबरपर्यंत २१ वाहतूक जहाजे आणि २१४ बार्ज बुडाले वा नादुरुस्त झाले, असे जर्मन नोंदी सांगतात. १२ ऑक्टोबरला मोहीम पुढील वसंतापर्यंत लांबवण्यात आली.