दाराच्या चौकटीवरचा आकडा

पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा विचारतो, "काका, किती टाकू?" आपण तीस म्हटलं की तो म्हणतो, "पस्तीस टाकतो, अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं." तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज येतो, "नको रे बाबा, मागच्या वेळी प्रत्येक खड्डा पाठीत बसला." दोघांचंही म्हणणं खरं आहे. टायरात हवा किती असावी हा वाद पंपावरचा नाही, तो टायराच्या जन्मापासूनचा आहे.

हवेचा टायर जन्माला आला तो आरामासाठी. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घोडागाडीच्या चाकांसाठी त्याचं पेटंट घेतलं. पुढे लोक ते विसरूनही गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबराची हवा भरलेली नळी बसवली आणि तीच कल्पना नव्याने उभी राहिली. गंमत अशी, की दणके कमी बसावेत म्हणून केलेली ही चाकं शर्यतीतही पुढे निघाली.

मोटारी आल्या तेव्हा टायर अरुंद होते आणि वजन पेलायचं म्हणून त्यांत हवा ठासून भरावी लागे, ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावरचे 'तीस-पस्तीस' हे त्याचेच आकडे) आणि त्याहूनही जास्त. १९२३ मध्ये फायरस्टोनने 'बलून' टायर आणला. तो रुंद आणि जाड होता आणि त्यात हवा जवळपास निम्मीच लागायची. मोटार मऊ चालू लागली. आज आपल्या गाडीला जे तिशीच्या आसपासचे आकडे लागतात, त्यांची सुरुवात इथली.

पण मऊ टायराला किंमत मोजावी लागते. ताशी १०० किलोमीटरला छोट्या मोटारीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकलेला भाग दबतो, पुन्हा उभा राहतो. त्या दाबण्या-उठण्यात गेलेली ताकद उष्णता होऊन टायरातच मुरते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि इंधनही जास्त खातो. १९७३ च्या तेलसंकटानंतर हा हिशोब सगळ्यांना नीट मांडावा लागला. मिशेलिनने १९४० च्या दशकात काढलेला रेडियल टायर (ज्याच्या आतले धागे तिरके नसून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात) याच काळात अमेरिकेत सर्रास झाला, कारण तो कमी ताकद खातो. त्याची एक खोड मात्र आहे. पुरेशी हवा असतानाही त्याची बाजू थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरांचं 'नजरेने हवा ओळखणं' रेडियलला चालत नाही.

आता ज्या प्रकरणाने या आकड्याचा कायदाच बदलला, ते. १९९० मध्ये फोर्डने एक्सप्लोरर ही उंच, अवजड, कुटुंबाची म्हणून खपणारी गाडी बाजारात आणली. टायर फायरस्टोनचे. त्यांना ३५ पर्यंत हवा चालत असताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, जिथे किती हवा भरायची ते कंपनी लिहून ठेवते, आकडा छापला गेला २६. गाडीचं स्थैर्य सुधारण्यासाठी अभियंत्यांनी जे उपाय पुढे ठेवले होते, त्यात हवा कमी करणं हा एक होता. कमी हवेचा टायर वळणावर रस्त्याला तितका घट्ट धरत नाही, म्हणून उंच गाडी कलंडण्याआधी घसरते. शिवाय आत बसणाऱ्याला चालही मऊ लागते.

माझ्या मते खरा घोटाळा इथे आहे. कारखान्यातल्या चाचणीत २६ म्हणजे २६च असतात. घरच्या गाडीत तसं होत नाही. टायरातून महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप निघून जातो. चार महिने कुणी हवा मोजायचा गेज लावला नाही की २६ चे २२ होतात. त्यावर पाच माणसं, टपावर सामान, टेक्सास-अ‍ॅरिझोनाचा उन्हाळा आणि सरळसोट महामार्ग. टायराचा वरचा थर आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटून यायचा आणि गाडी उलटायची. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या नोंदीत २७० हून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले गेले. फायरस्टोन म्हणे २६ ऐवजी ३० हवी होती, गाडीतच दोष आहे. फोर्ड म्हणे टायरच वाईट. सरकारी तपासात टायराच्या रचनेतले दोष समोर आले, म्हणजे सगळं पाप हवेच्या माथी मारता येत नाही. पण कमी हवेने त्या दोषांना वाव दिला. २००१ मध्ये या दोन कंपन्यांचं सुमारे ९५ वर्षांचं नातं तुटलं.

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि त्यातून टायरातली हवा सांगणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आला. २००८ च्या मॉडेलपासून तो तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचा झाला. ठरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी झाली की तो पेटतो. म्हणजे ३३ ची गाडी २५ वर येईपर्यंत तो गप्प राहू शकतो. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण आता आपल्याकडच्याही कित्येक गाड्यांत तो असतो आणि लोक त्याच्यावर विसंबतात.

मग पंपावरच्या पोराचं काय? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा, की चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी झाला तर इंधनात ०.२ टक्के फरक पडतो. पाच पीएसआयने जेमतेम एक टक्का. ठरल्यापेक्षा जास्त हवा भरून मिळणारा फायदा असाच चिमूटभर, आणि त्यापायी रस्त्याला टेकणारा तळहाताएवढा भाग आणखी लहान होतो, टायर मधोमध घासतो, खडबडीत रस्त्यावर गाडी उड्या मारते.

पावसात मात्र कमी हवा जास्त घातक. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानाच्या टायरांवरून एक सूत्र मांडलं. त्यानुसार साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. ३० पीएसआयला तो ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो, २४ ला ८२. मोटारीच्या रुंद टायराला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण कल तोच. जुलैमध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर हे नऊ किलोमीटर फार मोठे असतात.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे आणि मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला टेकतो. तिथे 'गरम रस्ता आहे, दोन पॉइंट कमी ठेव' असा सल्ला सर्रास मिळतो. तो उलटा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, हे चौकटीवरचा आकडा ठरवतानाच धरलेलं असतं. तो आकडा थंड टायराचा आहे, गाडी तीन-चार तास उभी असतानाचा. टायराच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा वेगळा. ती टायराची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीची शिफारस नाही. चौकटीवर बऱ्याचदा दोन रकाने असतात. दुसरा रकाना भरलेल्या गाडीचा, आणि गावी निघताना बहुतेक जण तो वाचतच नाहीत.

काल सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी गेज लावला. तीन टायर ३२. मागचा डावा २७. डोळ्यांना चारही सारखेच दिसत होते.