इंग्रजी नामांचे प्रकार

व्यक्ती, ठिकाण, वस्तू, पदार्थ, समूह किंवा भाव यांना दिलेले नाव म्हणजे नाम, इंग्रजीत नाउन. शाळेत इंग्रजी नामांचे पाच प्रकार शिकवतात: प्रॉपर (विशेषनाम), कॉमन (सामान्यनाम), कलेक्टिव्ह (समूहवाचक), मटेरियल (पदार्थवाचक) आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (भाववाचक). मराठीत मुख्य प्रकार तीनच आहेत, विशेषनाम, सामान्यनाम आणि भाववाचक नाम. समूहवाचक आणि पदार्थवाचक नामे मराठी व्याकरण सामान्यनामातच धरते.

प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो, वाक्यातल्या कामावरून ठरतो. वर्धेकडून येणाऱ्या गाडीतला कापूस म्हणजे ‘कॉटन’ हे मटेरियल नाउन; पण नागपूरचे ‘कॉटन मार्केट’ हे प्रॉपर नाउन. त्यातले दोन्ही शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी मुलांची पहिली चूक इथेच होते. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावेही कॅपिटलनेच लिहायची असतात, हे तर हमखास विसरते.

प्रॉपर नाउनपुढे सहसा ‘द’ येत नाही: ‘नागपूर’, ‘फुटाळा लेक’. नदी मात्र अपवाद, म्हणून ‘द नाग’, ‘द कन्हान’. तलावाला ‘द’ नको आणि नदीला हवा, हे तर्काने सुटत नाही. पाठच करावे लागते.

पाच प्रकारांची यादी घोकून परीक्षेतली रिकामी जागा भरता येते, वाक्य बरोबर येईलच असे नाही. वाक्यासाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे नाम मोजता येते का? मोजता येत असेल तर एकवचनात ‘अ’, ‘द’, ‘माय’ असा एखादा शब्द आधी हवा, आणि अनेकवचनात ‘मेनी’ चालतो. मोजता येत नसेल तर अनेकवचन नाही, ‘अ’ नाही, क्रियापद एकवचनी आणि सोबत ‘मच’. संत्र्यावर हे चटकन कळते. टोपलीतली संत्री ‘मेनी ऑरेंजेस’, पेल्यातला रस ‘मच ज्यूस’. संत्रा बर्फीचे दोन तुकडे मागायचे तर ‘टू पीसेस ऑफ बर्फी’.

मराठी आणि इंग्रजीची मोजणी जिथे जुळत नाही, तिथे चुका होतात. मराठीत ‘केस लांब आहेत’, म्हणून ‘हेअर्स आर लाँग’ लिहिले जाते. बरोबर रूप ‘हेअर इज लाँग’. वरणात एकच केस सापडला तर मात्र ‘अ हेअर’. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ यांना शेवटी ‘एस’ लागत नाही. उलट मराठीत कात्री आणि चष्मा एकेकच, इंग्रजीत ‘सिझर्स’ आणि ‘ग्लासेस’ अनेकवचनी. ‘न्यूज’ला ‘इज’ लागतो, ‘पोलीस’ला ‘आर’.

कलेक्टिव्ह नामांत ‘टीम’ एक गट मानली तर ‘इज’. खेळाडू वेगवेगळे धरले तर ब्रिटिश इंग्रजीत ‘आर’ही चालतो, अमेरिकन इंग्रजीत बहुधा ‘इज’च. अनेक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नामे प्रत्ययावरून ओळखता येतात: मराठीत ‘पणा’, ‘ता’, ‘की’, तसे इंग्रजीत ‘नेस’, ‘टी’, ‘हूड’, ‘शिप’.