काउंटीच्या उत्पन्नाचा आकडा येतो कुठून?

अमेरिकेतली काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येकीतल्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न आज दरवर्षी जाहीर होतं. मध्यक म्हणजे सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न. सरासरीला दोन-चार कोट्यधीश वर ओढून नेतात, मध्यकाला नाही. पण 1989 चा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून रेघ ओढण्याआधी ते कसे तयार झाले, हे ठाऊक हवं.

आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. अमेरिकेत ते पहिल्यांदा विचारलं 1940 साली, तेही मोठ्या वादानंतर. न्यू हॅम्पशायरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांनी या प्रश्नाविरुद्ध मोहीमच उघडली होती. शेवटी तोड निघाली: ज्याला प्रगणकासमोर पगार सांगायचा नाही, त्याने तो वेगळ्या कागदावर लिहून बंद पाकिटात पाठवावा. पाच हजार डॉलरच्या वर पगार असेल तर नुसतं ‘5000+’ लिहायचं. विचारली जायची ती फक्त मजुरी आणि पगार. इतर मार्गाने 50 डॉलर किंवा जास्त मिळाले का, याला हो किंवा नाही एवढंच उत्तर. त्यामुळे स्वतःचं शेत किंवा दुकान असलेल्यांची कमाई त्यात आलीच नाही, आणि शेतीवर चालणाऱ्या काउंट्यांचं चित्र अर्धवट राहिलं.

पुढे एकूण उत्पन्न विचारू लागले, पण सगळ्यांना नाही, नमुन्यातल्या घरांना. 2000 साली साधारण सहापैकी एका घराला लांब प्रश्नावली गेली. प्रश्न आदल्या वर्षाच्या उत्पन्नाचा असे, म्हणून जुन्या तक्त्यांत 1969, 1979, 1989, 1999 अशी वर्षं दिसतात. मधल्या दहा वर्षांत खाण बंद पडो की कारखाना उठो, काउंटीचा जनगणनेतला आकडा जागचा हलत नसे.

कोंडी फुटली ती निधीवाटपामुळे. 1972 च्या कायद्याने केंद्राचा महसूल स्थानिक सरकारांना वाटायचं ठरलं आणि त्यासाठी अगदी छोट्या गावांचंही दरडोई उत्पन्न लागू लागलं. नमुना होता 1970 च्या जनगणनेतला, लोकसंख्येच्या 20 टक्के. 500 वस्तीच्या गावात त्यातून येणाऱ्या आकड्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे तो साधारण किती चुकू शकतो त्याचं माप, 13 टक्क्यांच्या आसपास होती. 100 वस्तीच्या गावात ती 30 टक्क्यांवर जाई. म्हणून जनगणना करणाऱ्या सेन्सस ब्युरोने आधी सरळ हिशेब केला: वस्ती 500 हून कमी असेल तर गावाचा आकडा बाजूला ठेवायचा आणि काउंटीचा लावायचा. म्हणजे सुखवस्तू काउंटीतलं गरीब खेडंही कागदावर सुखवस्तू!

ब्युरोचेच संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी 1979 मध्ये यावर मांडलेला उपाय मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. प्राप्तिकराची विवरणपत्रं, घरांच्या किमती आणि काउंटीचं उत्पन्न यांवरून त्यांनी प्रत्येक गावाचा एक अंदाज बांधला. मग तो अंदाज आणि गावाचा स्वतःचा नमुना यांची वजनं लावून सांगड घातली. नमुना भक्कम असेल तर वजन नमुन्याला, तुटपुंजा असेल तर अंदाजाला. गावाने दिलेलं उत्तर फेकून दिलं जात नाही आणि त्यावर आंधळा विश्वासही ठेवला जात नाही.

1994 च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शाळांचा निधी ताज्या अंदाजांवर वाटायचं ठरलं, तेव्हा हीच रीत काउंट्यांसाठी कामी आली. ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’ या कार्यक्रमाचं मुख्य लक्ष्य दारिद्र्य मोजण्याचं, पण मध्यक उत्पन्नही त्यातूनच मिळू लागलं. तोवर हाताशी असलेल्या वार्षिक सर्वेक्षणात अनेक काउंट्यांतलं एकही घर नसे. 2005 च्या अंदाजांपासून त्या सर्वेक्षणाची जागा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या ब्युरोच्याच कितीतरी मोठ्या सर्वेक्षणाने घेतली.

या नव्या सर्वेक्षणाचे एका वर्षाचे आकडे 65,000 किंवा त्याहून जास्त वस्तीलाच मिळतात. बाकीच्यांसाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र करतात. लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी माणसं, तर टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत अवघी 64. म्हणूनच लव्हिंगसारख्या ठिकाणी वरच्या कार्यक्रमाचा वार्षिक आकडा मुख्यतः प्रारूपातून, म्हणजे करविवरणपत्रांसारख्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजातूनच येतो. पाच वर्षांचे आकडे ताडून पाहायचे असतील तर 2010–14 ची तुलना 2015–19 शी करावी. 2014–18 आणि 2015–19 यांत चार वर्षं सामाईक असतात, दिसणारा फरक फक्त कडेच्या दोन वर्षांचा. वार्षिक अंदाजांसोबत 90 टक्के विश्वासाचा पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा अशा खालच्या-वरच्या मर्यादा, दिलेला असतो. दोन वर्षांचे पल्ले एकमेकांत घुसत असतील, तर वाढ झाली असं छातीठोकपणे म्हणू नये.

आणि कधी काउंटीच बदलते. कनेक्टिकटच्या आठ काउंट्यांऐवजी 2022 पासून या सर्वेक्षणाच्या तक्त्यांत नऊ प्लॅनिंग रीजन, म्हणजे गावांचे नियोजनासाठी केलेले गट, येतात. फेअरफील्ड काउंटीची गावं आता वेगवेगळ्या रीजनमध्ये वाटली गेली आहेत, त्यामुळे तिची जुनी मालिका तिथेच थांबते.