साडेदहाचे बारा: कामाचे तास, ओटी आणि एका अवघड शब्दाचा इतिहास

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले कामाचे तास वाढवायला मान्यता दिली. त्या दिवशी अनेक बातम्यांत एक वाक्य जसेच्या तसे फिरत होते: आठवड्याच्या कामाची मर्यादा साडेदहा तासांवरून बारा तास होणार. आठवड्याला साडेदहा तास चालणारा कारखाना कुठेच नसतो. हा आकडा दिवसाचा आहे, आणि नीट पाहिले तर तो कामाच्या तासांचाही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ५६ मधून तो आला आहे. त्या कलमाच्या शब्दाला, म्हणजे ‘स्प्रेड-ओव्हर’ला, बोली मराठीत नाव नाही. नाव नसल्यामुळेच बातमी चुकली असावी. आणि बातमी चुकल्यामुळे या निर्णयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट चर्चेत आलीच नाही.

स्प्रेड-ओव्हर म्हणजे कामगार सकाळी पहिले पंच करतो तिथपासून संध्याकाळी शेवटचे पंच करतो तिथपर्यंतचा सगळा वेळ. जेवणाची सुट्टी, चहा, मधला रिकामा तास, सगळे त्यात धरायचे. ही मोजणी वेगळी ठेवावी लागली, कारण केवळ कामाचे तास मोजून माणसाचा दिवस वाचत नाही. सकाळी चार तास काम, दुपारी तीन तास सुट्टी, मग संध्याकाळी पुन्हा पाच तास अशी पाळी लावली की कागदावर नऊच तास भरतात. माणूस मात्र सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या फाटकाशी बांधलेला राहतो. त्या तीन तासांत घर लांब म्हणून तो घरी जाऊ शकत नाही, आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत. हॉटेलात ब्रेक शिफ्ट केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. १९३४ च्या कायद्याने या वेळेवर पहिल्यांदा मर्यादा घातली तेव्हा ती तेरा तासांची होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती बारमाही कारखान्यांसाठी साडेदहावर आली आणि १९४८ च्या कायद्यात तेवढीच राहिली: नऊ तास काम आणि दीड तास विश्रांती. बारा तासांपर्यंत जायची मुभा तेव्हाही होती, पण त्यासाठी मुख्य कारखाने निरीक्षकाने लेखी कारणे नोंदवून परवानगी द्यावी लागे. २०२५ च्या निर्णयाने अपवाद होता तोच नियम केला.

त्याच निर्णयात दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर गेली. विश्रांतीची सुट्टी सलग पाच तासांनंतर मिळायची, ती सहा तासांनंतर मिळणार असे ठरले. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘ओटी’ची, मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना आणि कार्यालयांना दिवसाला नऊऐवजी दहा तास, आणि ओव्हरटाइम १२५ ऐवजी १४४ तास. सगळे कामगाराच्या लेखी संमतीने आणि दुप्पट दराने, असे सरकारने आवर्जून सांगितले. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, हेही सांगितले.

४८ तास कायम आहेत, हे खरे आहे. पण १४४ हा आकडा जरा फोडून पाहावा. तिमाहीत तेरा आठवडे असतात. आठवड्याला १२ तास ओटी धरली, तर १४४ तास बारा आठवड्यांना पुरतात. ४८ आणि १२ मिळून ६०. म्हणजे या निर्णयाप्रमाणे तेरापैकी बारा आठवडे माणूस ६० तास काम करू शकतो, आणि कायदा कुठेही मोडत नाही. साठ तासांचा आठवडा ही १९२२ च्या कायद्याची मर्यादा होती.

तिथवर यायलाही बराच काळ गेला होता. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८८१ चा पहिला कारखाने कायदा मुलांपुरताच होता, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. प्रौढ पुरुषांसाठी त्यात काहीच नव्हते. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या करून जी मागणी केली तीत रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, असे म्हटले होते. तोवर दिवसाला निदान सूर्याची मर्यादा होती. १९०५ च्या सुमारास बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही गेली. पंधरा-पंधरा तास साचे, म्हणजे माग, चालू लागले. कामगार रस्त्यावर उतरले, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषासाठी बारा तासांची मर्यादा पहिल्यांदा कायद्यात आली. बारा तास हा आकडा आपल्याकडे असा आला, पंधरावरून खाली.

पुढचा प्रवास घसरणीचाच होता, आणि ही घसरण चांगली होती. १९२० च्या जानेवारीतल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ मध्ये कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास ठरवले, ओव्हरटाइमला सव्वापट दर लावला. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४. १९४६ मध्ये ९ आणि ४८, आणि ओव्हरटाइमला सरसकट दुप्पट दर. तेव्हा मजूर खात्याचे सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आज या बदलाबद्दल ‘चौदा तासांचे आठ केले’ असे लिहिले जाते. कायद्याच्या पुस्तकातला बदल ५४ वरून ४८ असा होता. त्याचे मोल कमी नाही, म्हणूनच तो आहे तसाच सांगितला पाहिजे.

दुप्पट दराचा अर्थ इथे समजून घ्यावा लागतो, कारण पुढे तो उलटा झाला. जास्तीचे काम मालकाला महाग पडावे, म्हणजे तो दुसरी पाळी लावील आणि नवी माणसे घेईल, हा त्यामागचा हेतू होता. त्याला जोडून वरची मर्यादाही होती: १९४८ च्या कायद्यात तिमाहीला ५० तास, विशेष सवलत घेतली तर ७५. महाराष्ट्रात ती पुढे ११५ झाली, आणि २०२५ च्या निर्णयाने १४४. दर तोच राहिला, कुंपण मागे सरकत गेले. दरम्यान मूळ पगार इतका कमी राहिला की आज चाकण किंवा वाळूजच्या पट्ट्यात नवा मुलगा कामाला लागताना पहिला प्रश्न विचारतो तो ‘ओटी आहे का?’ हाच. ओटीशिवाय खोलीचे भाडे आणि गावाकडचा हप्ता एकत्र निघत नाही. अशा माणसाकडून घेतलेल्या लेखी संमतीला संमती म्हणायला माझे मन तयार होत नाही.

दुप्पट दरही सगळीकडे सहज टिकला नाही. एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या गुजरातने करोनाचे कारण देऊन कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तासांची मुभा दिली, तीही जास्तीच्या तासांना साध्याच दराने. कायद्यातल्या ‘सार्वजनिक आणीबाणी’च्या कलमाचा आधार घेतला होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. महासाथीचा आर्थिक फटका म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका असलेली आणीबाणी नव्हे, असे सांगून न्यायालयाने कारखान्यांना कामगारांच्या ओव्हरटाइमचे पैसे कायद्याच्या दराने द्यायला लावले. महाराष्ट्रातल्या निर्णयाची तुलना या प्रकरणाशी करायची तर हा फरक मान्य केला पाहिजे: इथे दुप्पट दर शाबूत आहे आणि वाट कायदा बदलण्याची आहे. दिवस मात्र तेवढाच लांब होतो.

याच काळात कार्यालयांतल्या लोकांसाठीही आकडे पुढे येत होते. २०२३ मध्ये एका ज्येष्ठ आयटी उद्योजकाने तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. २०२५ च्या सुरुवातीला एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या प्रमुखाचे ९० तासांचे बोलणे बाहेर आले. त्यावर खूप चर्चा झाली. पण ते सल्ले होते, सप्टेंबरचा निर्णय कायद्याबद्दलचा होता, आणि त्याची चर्चा आठवडाभरही टिकली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कायद्याची जागा कामाच्या सुरक्षिततेविषयीच्या संहितेने घेतली. तीत दिवसाचे काम आठ तासांहून जास्त नाही असे म्हटले आहे, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर व कामगाराची संमती आहे. वेतनाची व्याख्या बदलली: घरभाडे आणि प्रवासभत्ता बाहेर, पण बाहेर ठेवलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. दुप्पट कशाची, हे आता या व्याख्येवर ठरेल. स्प्रेड-ओव्हरचे काय? जुन्या कायद्यात साडेदहा हा आकडा कलमातच लिहिलेला होता. तो सगळ्यांसाठी वाढवायचा तर विधिमंडळात जावे लागे, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. नव्या संहितेत शब्द आहे, आकडा नाही. तो सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे. ओव्हरटाइमच्या एकूण तासांची मर्यादाही नियमांवर सोडली आहे.