‘तालिस्मान’: पाँताव्हेनच्या रानात मिळालेला रंगांचा धडा

फ्रेंच चित्रकार पॉल सेरुझिएचं ‘तालिस्मान’, म्हणजे ताईत, हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं, उंची २७ सेंटिमीटर, रुंदी साडेएकवीस, वहीच्या पानाएवढंच. पहिल्या नजरेत पिवळे, निळे, हिरवे आणि शेंदरी पट्टेच दिसतात. जरा थांबून पाहिलं की जागा उलगडत जाते. वर डावीकडे रान, तिरकी जाणारी पायवाट, नदीकाठची बीच झाडांची रांग, मागे उजवीकडे पाणचक्की. हे ब्वा दामूर, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या पाँताव्हेन गावालगतचं आवेन नदीकाठचं रान.

या गावात चित्रकार आले ते फ्रेंच चित्रकार गोगँच्या कितीतरी आधी. १८६०च्या दशकात रेल्वे ब्रिटनीत पोहोचली आणि पाठोपाठ अमेरिकन चित्रकार इथे मुक्काम ठोकू लागले. राहणं-जेवण स्वस्त, पारंपरिक पोशाखातली माणसं, पाणचक्क्या, रान. चित्रकाराला आणखी काय हवं! पॉल गोगँ पहिल्यांदा आला १८८६ मध्ये, हातात पैसे नसताना. कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटाहून परतल्यावर १८८८ मध्ये तो पुन्हा इथेच आला. तरुण चित्रकार एमिल बर्नारसोबत काम करताना त्याचं चित्र पार बदललं. जपानी छापचित्रांसारखे सपाट रंग आणि त्यांना ठळक बाह्यरेषा. निसर्गाची फार नक्कल करू नकोस, कला म्हणजे अमूर्तीकरण, असं त्याने त्याच ऑगस्टमध्ये चित्रकार-मित्र शुफेनेकेरला पत्रातून कळवलं होतं.

सेरुझिए तेव्हा २३ वर्षांचा. पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँ या कलाशाळेतला तो हुशार विद्यार्थी, वर्गाची व्यवस्था पाहणारा. त्याच वर्षी ‘सालों’ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात त्याच्या ब्रेटन विणकराच्या चित्राचा गौरवाने उल्लेख झाला होता. वाट ठरलेली होती. पण पाँताव्हेनमधला मुक्काम संपत आला असताना तो गोगँला भेटला आणि दोघे ब्वा दामूरमध्ये गेले.

तिथे काय बोलणं झालं ते आपल्याला सेरुझिएचा चित्रकार-मित्र मोरिस दनीच्या १९०३ मधल्या लेखातून कळतं. गोगँने विचारलं, ही झाडं तुला कशी दिसतात? पिवळी? मग पिवळा लाव. ही सावली निळसर आहे ना, मग शुद्ध अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, लाव. पानं लाल दिसतात? मग व्हर्मिलियन, म्हणजे शेंदरी लाल. सगळं ट्यूबमधून निघेल तसं, पांढरा जवळपास न मिसळता. अकादमीत मुरलेल्या मुलासाठी हे केवढं धाडस होतं! तिथे तो छाया-प्रकाशाच्या पायऱ्या आणि हळूहळू बदलणाऱ्या छटा शिकला होता. इथे सावली म्हणजे काळपट केलेला हिरवा नाही. सावली हा स्वतंत्र रंग.

दनी त्या रानात नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. त्याने ही हकिगत लिहिली ती पंधरा वर्षांनी, आणि चित्र सिगारच्या पेटीच्या झाकणावर केल्याची गोष्टही त्याच्याच लेखातली. फळीच्या मागे मात्र इतकंच लिहिलंय: ऑक्टोबर १८८८, पाँताव्हेन, गोगँच्या मार्गदर्शनाखाली पी. सेरुझिएने केलं. मार्गदर्शन वेगळं, हात धरून गिरवून घेणं वेगळं. मला या चित्रात सेरुझिएची नजर स्पष्ट दिसते. झाडं आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं एकाच सपाट पृष्ठभागावर आणूनही रानाची ठेवण सुटलेली नाही. हे सगळं श्रेय गोगँच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

सेरुझिए फळी घेऊन पॅरिसला परतला आणि अकादमीतल्या मित्रांना त्याने ती दाखवली. त्यांत दनी, बॉनार आणि राँसाँ होते; व्हुइयार थोड्या काळाने आला. या मंडळींनी स्वतःला ‘नबी’, म्हणजे प्रेषित, म्हणवून घेतलं आणि चित्राला ‘तालिस्मान’ हे नाव दिलं. ऑगस्ट १८९० मध्ये १९ वर्षांच्या दनीने टोपणनावाने लेख लिहिला: चित्र हे युद्धातला घोडा, नग्न स्त्री किंवा एखादा किस्सा असण्याआधी मुळात विशिष्ट क्रमाने रंग लावलेला सपाट पृष्ठभाग असतं. विसाव्या शतकातल्या अमूर्त चित्रकलेच्या चर्चेत या वाक्याचा आधार वारंवार घेतला गेला, आणि त्याच्या मुळाशी हे रान होतं. आज या चित्रकारांना आपण उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) म्हणतो. ते नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. इंग्रज समीक्षक रॉजर फ्रायने ते लंडनच्या १९१०च्या प्रदर्शनासाठी वापरलं, तेव्हा गोगँ जाऊन सात वर्षं झाली होती.

फळी पुढे दनीकडे आली आणि त्याने ती जपली. १९८५ मध्ये ती सरकारी संग्रहात दाखल झाली. सेरुझिए ब्रिटनीतच राहिला, राँसाँच्या नावाच्या अकादमीत शिकवू लागला, १९२१ मध्ये चित्रकलेवर पुस्तकही लिहिलं, आणि १९२७ मध्ये मोर्ले गावी वारला. मधल्या काळात त्याने ब्रेटन शेतकरी आणि धीरगंभीर झाडं पुष्कळ रंगवली. नीटस, विचारपूर्वक आखलेली. पण त्या ऑक्टोबरमधला मोकळेपणा त्याला पुन्हा तितका साधला नाही, असं मला वाटतं. तो धडा खऱ्या अर्थाने पुढे नेला बॉनार आणि व्हुइयार यांनी, आणि तोही रानात नाही, तर दिवाणखान्यातल्या पडद्यांत, टेबलावरच्या कापडांत आणि भिंतीवरच्या नक्षीदार कागदांत.