बायबलची पुस्तके निकेयात ठरली नाहीत

इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने निकेयात (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) बिशपांची परिषद बोलावली आणि बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवायची हे तिथे मतदानाने ठरले, असे अनेक शिकलेले लोकही मानतात. हे खरे नाही. परिषदेचे २० नियम आज उपलब्ध आहेत. त्यांत पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही.

वाद वेगळाच होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याने, म्हणजे देवाने, निर्माण केलेला आहे. हा प्रश्न थेट तारणाला, म्हणजे माणसाच्या पापमुक्तीला, भिडतो: जो स्वतःच निर्मिलेला, तो माणसाला देवाशी कसा जोडणार? म्हणूनच परिषदेच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत) पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे लिहिले गेले. एवढा गंभीर प्रश्न या अफवेमागे झाकला जातो, याचे मला वाईट वाटते.

पुस्तकांचे म्हणाल, तर इ.स. १८० च्या सुमारासच बिशप इरेनियस चारच शुभवर्तमाने (येशूचे जीवन सांगणारी पुस्तके) मानतो. नव्या करारातील (बायबलच्या ख्रिस्तानंतरच्या भागातील) आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात दिसते.

मग अफवा आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक ग्रंथात दंतकथा आहे: परिषदेने पुस्तके वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, आणि खोटी पुस्तके खाली सापडली. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेअरने ती पुन्हा सांगितली. मतदान मात्र त्या दंतकथेतही नाही.